डाव्या पानावर दिसलं ते

माझ्या गुडघ्यामागचा काळा डाग पाहून डॉक्टरांनी आधी माझ्या मिस्टरांकडे पाहिलं.

"ये किसने जलाया?"

नागपूरच्या दवाखान्यात, कॅज्युअल्टीच्या पलंगावर मी पडले होते. आठ दिवसांचा ताप अंगात होता आणि त्या सकाळपासून श्वास पुरत नव्हता. पांढुर्ण्याहून गाडीनं येताना पूर्ण वाटेत मी खिडकीला तोंड लावून बसले होते. मिस्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. ते वीज खात्यात लाइनमन आहेत, त्यांच्या हातांवर चटक्यांचे जुने डाग आहेत. डॉक्टरांनी तेही पाहिले असणार.

"मी नाई, साहेब," ते म्हणाले. "मले तं माहीतच नाई हे कधीपासून आहे." बावीस वर्षांच्या संसारात त्यांचा इतका बारीक आवाज मी ऐकला नव्हता.

थोड्या वेळानं मोठे डॉक्टर आले. त्यांनी डाग पाहिला, बोटानं दाबला आणि विचारलं, "बाई, गवतात बसल्या होत्या का कुठं?"

बसले होते. मी अंगणवाडीत काम करते. पाऊस संपल्यावर बोरगावकडच्या एका गावात मातांची बैठक होती. खोलीत जागा पुरेना म्हणून आम्ही सगळ्याजणी बाहेर गवतात बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, हा चटका नाही. डोळ्याला न दिसणारा बारीक किडा चावतो, तिथं अशी खपली धरते. स्क्रब टायफस. औषध आहे, बरं होतं.

नाव सापडलं म्हणून आम्हाला केवढा आनंद झाला. माझी मुलगी प्रणाली कॉलेज सोडून आमच्यासोबत आली होती, तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला. औषध सुरू झालं. पण उशीर झालेला होता, फुप्फुसात पाणी भरलं होतं. त्या दुपारचं मला एवढंच आठवतं की कुणीतरी म्हणालं, "मावशी, आता झोपायचं." आणि माझ्या तोंडाजवळ एक हात आला.

एकोणीस दिवस मी त्या दवाखान्यात होते. त्यातले अकरा दिवस श्वासाच्या मशीनवर. लोक म्हणतात, बरं झालं, तुला काही आठवत नसेल. मला सगळं आठवतं. फक्त ते खरं होतं की नाही, हे मला माहीत नव्हतं.

*

मी जिनिंगमध्ये होते. आमच्या घरामागं कापसातली सरकी काढायची जिनिंग आहे, तशीच ती होती. उंच टिनाचं छत, आणि खाली कापसाचा ढीग. माझे हात बांधलेले होते. दोन माणसं माझ्या तोंडात कापूस कोंबत होती. मूठ भरायची आणि आत ढकलायची. घसा भरला, छाती भरली, तरी ती कोंबत होती. मला ओरडायचं होतं, पण कापसातून आवाज जात नव्हता.

पायाशी एक पांढऱ्या कपड्यातली बाई येऊन माझा एक एक पाय उचलायची, वाकवायची, परत ठेवायची. जणू पाय मोडायच्या आधी मोजून घेत होती. उजव्या बाजूला एक म्हातारी पडलेली होती. ती सारखी म्हणायची, "दार लाव माय, दार लाव." मला उठून दार लावता येत नव्हतं, आणि ती माझ्याकडेच पाहत होती.

आणि दारात माझे मिस्टर. हातात कागद. ते कुणाला तरी म्हणाले, "काढून टाका हे सगळं. घरी नेतो."

मग त्यांनी सही केली.

*

घरी आले तेव्हा माझं वजन बारा-तेरा वर्षांच्या पोरीएवढं झालं होतं. शेजारणी भेटायला आल्या, "दुसरा जन्म झाला" म्हणाल्या. मी हसले. मिस्टरांनी माझ्यासाठी पाणी आणलं, ग्लास पुढं केला, आणि माझा हात आपोआप मागं गेला. त्यांनी ते पाहिलं. ग्लास टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले.

कापसाचे दिवस होते. ट्रॉल्यांवर ट्रॉल्या घरासमोरून जिनिंगकडे जायच्या. रस्त्याच्या कडेला, काट्यांना, विजेच्या तारांना रुई चिकटलेली असायची. तिथली मशीन सुरू झाली की माझा घसा भरायचा. मी मोरीत जाऊन बोटं घालून तोंडातून कापूस काढायचे. काही निघायचं नाही. रक्त निघालं एकदा.

पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं, की आयसीयूत असताना बऱ्याच जणांना भास होतात, औषधांनी, तापानं. हळूहळू जातील. मी प्रणालीला एकटीला विचारलं, "तुझे बाबा मले तशीच घरी घेऊन चालले होते का?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भासच असन आई. तुले लय भास झाले."

तिनं वर पाहिलं असतं तर कदाचित मी विश्वास ठेवला असता.

चार दिवसांनी मी सौंसरला आईकडे गेले. कारण सांगितलं, कापसाचा त्रास होतो. खोटं नव्हतं ते. मिस्टर मला बसमध्ये बसवायला आले. बॅग वर ठेवली आणि म्हणाले, "येतो मी रविवारी."

"कायले तरास घेता," मी म्हटलं.

ते उतरले. बस निघेपर्यंत खाली उभे होते, मी दुसऱ्या खिडकीकडे पाहत होते.

*

लिहायला सांगितलं ते सरकारी दवाखान्यातल्याच डॉक्टरीणबाईंनी. प्रणालीहून जरा मोठी असेल ती मुलगी. निघायच्या आदल्या दिवशी मी तपासायला गेले होते. झोप लागते का विचारलं, मी रडले. ती म्हणाली, "रोज लिखिए."

मी म्हटलं, "मॅडम, मी रोजच लिहिते. रजिस्टरं कोण भरतं आमची?"

ती हसली. म्हणाली, रजिस्टर नाही, आपल्यासाठी. तीन ओळी पुरे. पहिले काही दिवस एकच ओळ लिहिली तरी चालेल.

मला वाटलं, ही काय दवा झाली. पण सौंसरला दिवस मोठे होते. आई सकाळी बुद्धविहारात जायची, येताना भाजी आणायची, मग दिवसभर माझ्याकडे पाहत बसायची. मी बाजारातून शंभर पानी वही आणवली.

पहिल्या दिवशी मी फक्त तारीख लिहिली. त्याचं कारण असं, की पेन धरवत नव्हतं. आजारानं बोटांतली ताकद गेली होती. एक तारीख लिहायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आईचा चहा उकळून उतू गेला. अक्षर पाहून मला माझ्या अंगणवाडीतली पोरं आठवली. दुसऱ्या दिवशी तारीख आणि वार. तिसऱ्या दिवशी पहिली ओळ.

"आज तबीयत सामान्य रही। भोजन लिया। नींद ठीक।"

आमच्या इकडे, सीमेच्या या बाजूला, शाळा हिंदीची, कचेरी हिंदीची. मराठी घरात बोलायची आणि नागपूरचा पेपर आला तर वाचायची. लिहायचं म्हटलं की हात हिंदीतच चालतो. आठवडाभर मी तसंच लिहिलं. तबीयत सामान्य, नींद ठीक. खरं तर त्या आठवड्यात मी एकदाही तासभर सलग झोपले नव्हते.

आई माझी नरखेडकडची, मराठी शाळेत चौथी शिकलेली. एक दिवस तिनं वही हातात घेतली, अक्षर लावून लावून वाचली आणि विचारलं, "हे कोणाचं लिवलं?"

"माझंच."

"तू कुठी अशी बोलतं?" ती म्हणाली. "हे तं तू सायबाले दाखवाले लिवलं."

मी त्या दिवशी पहिल्यांदा मराठीत लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ काही येत नव्हतं. लिहिलं, "आज दुपारी परत तोंडात कापूस आला. मी मेली असती तर बरं झालं असतं असं मनात आलं. आईले सांगतलं नाही."

पेन खाली ठेवलं. कागदावर ते माझ्याकडेच पाहत होतं.

*

लिहिल्यानं मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. खरं लिहायला लागले तसं सगळं जास्त आलं. दिवसा जेवताना पायाशी ती पांढरी बाई दिसायची. अंगणात कपडे वाळत घालताना उजव्या कानात म्हातारी म्हणायची, दार लाव माय. दहा दिवसांनी मी वही आईच्या अलमारीवर फेकली आणि आठवडाभर तिकडे पाहिलं नाही.

नव्यानं लिहायला बसणाऱ्यांना कुणी हे सांगत नाही, म्हणून मी सांगते. सुरुवातीला ते वाढतं. आणि वही सुटली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. आठ दिवस सुटली तर नवव्या दिवशी तारीख टाकायची, मधल्या दिवसांचा हिशेब स्वतःलाच द्यायचा नाही.

मी परत सुरू केलं ते डॉक्टरीणबाईंना फोन करून. त्यांनी दोन-तीन गोष्टी बदलायला लावल्या. ऊन असतानाच लिहायचं. वेळ एकच धरायची. मी चारच्या चहाची धरली. कप भरलेला असतो तेव्हा सुरू करायचं, संपला की पेन ठेवायचं, वाक्य अर्धं असलं तरी. आणि शेवटची ओळ आजची, या घरातली हवी. "आईनं तुरीच्या शेंगा उकडल्या." "मांजर ओट्यावर आली." आधी मला ती शेवटची ओळ पोरखेळ वाटायची. पण त्या ओळीसाठी मला खोलीत पाहावं लागायचं. पाहिलं की कळायचं, मी सौंसरला आहे, हात मोकळे आहेत.

आणि एक माझं मीच ठरवलं. अंगणवाडीत आम्ही पोरांचं वजन करतो. कोणी सांगितलं की पोरगं सुकलं आहे, तर आम्ही ऐकून लिहीत नाही, काट्यावर ठेवून पाहतो. तसं मी वहीचं डावं पान केलं "दिसलं" आणि उजवं पान "झालं". डाव्या पानावर जे दिसलं ते लिहायचं. उजवं रिकामं सोडायचं. मग ज्याला माहीत आहे त्याला विचारायचं आणि तो सांगेल ते तिथं लिहायचं.

विचारायचं कुणाला? प्रणाली तेव्हा रोज दोनदा आयसीयूत यायची, दहा-दहा मिनिटं. आणि एक ब्रदर होता, गोंदियाकडचा, आयसीयूत काम करणारा. प्रणालीकडे त्याचा नंबर होता. मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तुम्ही बोलून राहिल्या! तुमचा आवाज मी ऐकलाच नव्हता." मग मी एक एक विचारत गेले, तो सवड मिळेल तसं मोबाइलवर बोलून पाठवत गेला.

हात बांधले होते का? हो, मऊ पट्टीनं. तुम्ही नळी ओढत होत्या.

तोंडात कापूस? ती श्वासाची नळी होती. आणि कफ ओढायला आम्ही दुसरी नळी घालायचो, दिवसातून कितीदा तरी. तुम्हाला लय त्रास व्हायचा. माफ करा मावशी.

पाय मोजणारी बाई? फिजिओथेरपीच्या मॅडम. तुमचे पाय आखडू नये म्हणून.

उजव्या पानावर मी हे लिहीत गेले. ज्या दिवशी "नळी होती" असं लिहिलं त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. भीती गेली नाही, पण तिला आता कारण मिळालं होतं.

म्हातारीचंही विचारलं. ब्रदरचं उत्तर दोन दिवस आलं नाही. मग आलं. "मावशी, तुमच्या उजव्या बाजूले पलंगच नव्हता. भिंत होती."

मी उजव्या पानावर लिहिलं, भिंत होती. ती म्हातारी अजूनही येते. आता मी तिला कधी कधी सांगते, लावलं माय दार.

*

मिस्टर दर रविवारी यायचे. मोटारसायकलनं यायचे, आईला नमस्कार करायचे, अंगणात बाजेवर बसायचे. मी चहा द्यायचे. आमचं बोलणं असं व्हायचं.

"झोप लागते?"

"लागते."

"घरी कवा येशीन?"

"पाहू."

कधी ते संत्री आणायचे, सोलून फोडी ताटलीत ठेवायचे, बिया काढून. मी म्हणायचे, ठेवा, खाते. ते गेल्यावर आई म्हणायची, "त्यानं काय केलं तुह्यं? एवढा जीव लावून राहिला." मी त्या फोडी तशाच आत नेऊन ठेवायचे.

कारण वहीत एक डावं पान होतं, त्याच्यासमोरचं उजवं पान रिकामं होतं. त्यावर लिहिलेलं होतं, "हे दारात उभे. हातात कागद. म्हणाले, काढून टाका हे सगळं, घरी नेतो. सही केली." बाकीची पानं भरत गेली तसं ते एकच उरलं. ब्रदरला मी ते विचारलं नव्हतं. प्रणालीला परत विचारलं नव्हतं. मी रोज चार वाजता वही उघडायचे आणि ते पान ओलांडून पुढच्या पानावर जायचे.

जानेवारीतल्या एका रविवारी ते आले तेव्हा आई शेजारी गेलेली होती. मी चहा दिला नाही. वही उघडली आणि त्या पानावर बोट ठेवून त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी वाचलं. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो. ओठ हलत होते. संपल्यावरही ते पानाकडेच पाहत राहिले.

"हे भास आहे का?" मी विचारलं. "डॉक्टर म्हणतात भास आहे. प्रणाली म्हणते भास आहे. तुम्ही सांगा."

"नाई," ते म्हणाले. "भास नाई."

मला वाटलं होतं, मी ओरडेन. तसं झालं नाही. मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले.

ते सांगत गेले. मशीनवरचा नववा दिवस होता. लघवी बंद झाली होती. डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, आता आशा कमी आहे. बोरगावचे त्यांचे मोठे भाऊ आलेले होते. भाऊ म्हणाले, परक्या गावात, नळ्यांमध्ये तिचा जीव नको जाऊ देऊ, आपल्या घरी जाऊ दे. आणि त्यांनाही ते पटलं.

"मी तुले पाहिलं," ते म्हणाले. "तुह्ये हात बांधून होते. डोळ्यातून पाणी जाऊन राहिलं होतं. मले वाटलं, हे मी तिच्यावर काहून करून राहिलो? मी डॉक्टरले म्हणलं, काढून टाका. तुह्या पलंगासमोरच, दारात म्हणलं. कागदावर सही केली, आपल्या मर्जीनं नेतो म्हणून."

"मग?"

"ॲम्ब्युलन्स सांगतली. ते दुसऱ्या पेशंटले घेऊन काटोलकडे गेली होती. म्हणे, दोन घंटे लागन." त्यांनी तोंड पुसलं. "त्या दोन घंट्यात पिशवीत लघवी दिसली. थोडीशी. ब्रदरनं पाहिली. डॉक्टर धावत आले, म्हणाले, थांबा, आज नेऊ नका. म्हणून थांबलो."

मी वाट पाहत होते की ते म्हणतील, माझं मन मानलं नाही, मीच थांबवलं. एवढं खोटं मी त्या वेळी घेतलं असतं.

"माह्यं मन बदललं नव्हतं, सुनंदा," ते म्हणाले. "गाडी टाइमावर आली असती तं मी घेऊन गेलो असतो. वाटेतच... तू आहे ते त्या दोन घंट्यांनी आहे, माह्यानं नाई. हे मी कोणाले सांगतलं नाई."

अंगणात ऊन होतं. शेजारच्या छतावर कुणीतरी मिरच्या वाळत घालत होतं. मी त्यांच्या हातात पेन दिलं. म्हटलं, "उजव्या पानावर लिहा. तुमच्या हातानं."

ते बराच वेळ लिहीत होते. हिंदीत लिहिलं, तक्रार रजिस्टरात लिहितात तशा मोठ्या अक्षरात. तारीख टाकली, सही केली. मग मोटारसायकल सुरू न करताच ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली.

*

त्यानंतरचे पंधरा दिवस सगळ्यांत वाईट होते. भास असेल, या शब्दावर मी अडीच महिने काढले होते, तोही गेला. ज्याच्या बाजूला मी बावीस वर्षं झोपले त्यानं मला मरायला न्यायचं ठरवलं होतं, आणि मी ते ऐकलं होतं. मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, मी आहे आतमध्ये. हे रोज लिहिलं. तेच वाक्य, रोज. चहा संपायचा आणि मी पेन ठेवायचे.

प्रणाली भेटायला आली. मी तिला ते उजवं पान दाखवलं. ती वाचून खूप रडली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "मी पायऱ्यांवर बसून होती, बाबा सही करून आले तेव्हा. मी महिनाभर बाबाशी बोलली नाई. तू घरी आल्यावर वाटलं, तुले कळलं तं तू बी बोलणार नाई. मग आपलं घर कायचं उरलं?"

"म्हणून मले पागल ठरवलं?"

"हाव," ती म्हणाली. "चुकलं माह्यं."

मी तिला जवळ घेतलं नाही लगेच. घेतलं, पण वेळानं.

एक गोष्ट मात्र मला त्या पंधरा दिवसांत कळली, ती लिहितानाच कळली. मी रोज भासांची वाट पाहत होते, पण डाव्या पानावर नवं काही येत नव्हतं. जिनिंग येत नव्हती. घशात काही नव्हतं. मी वेडी नव्हते. माझ्या कानांनी जे ऐकलं ते खरं होतं. ते खरं भयंकर होतं, पण पाय ठेवला तर खाली जमीन लागत होती.

फेब्रुवारीत मिस्टर पहिल्या रविवारी आले नाहीत. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी मीच बसनं पांढुर्ण्याला गेले. सांगून गेले नव्हते. ते दारात बूट पॉलिश करत बसले होते. मला पाहून उठले, एका हातात बूट तसाच.

"राहाले आली का?" त्यांनी विचारलं.

"आज नाई. पाहाले आली."

मी घर पाहिलं. जिनिंग त्या दिवशी बंद होती. मी मागच्या खोलीत बसले, चार वाजता त्यांनी चहा केला, मी त्यांच्या समोर वही काढून लिहिलं. त्यांनी विचारलं नाही काय लिहिलं. पाचच्या बसनं मी परत गेले. असं चार-पाचदा केलं. मग मार्चमध्ये राहायलाच आले.

*

आता मी परत अंगणवाडीत जाते. तिसरी वही सुरू आहे. सगळं पूर्वीसारखं झालं असं मी लिहिणार नाही. अजून कधी कधी ते माझ्याशी बोलत असतात आणि मला त्यांच्या आवाजात तेच दोन शब्द, काढून टाका, ऐकू येतात. माझा चेहरा बदलतो, त्यांना कळतं, ते बोलणं थांबवतात. त्यांनाही झोप लागत नाही हे मला आता दिसतं. आधी माझीच भीती एवढी मोठी होती की दुसऱ्याची दिसत नव्हती.

ज्यांच्या घरी कुणी मशीनवर आहे त्यांनी हे वाचलं तर बरं. पलंगापाशी जे बोलाल ते जपून बोला. आणि जे मशीनवरून परत आले असतील त्यांनी एक वही घ्या, उजेडात बसा, आणि आज फक्त तारीख लिहा.

गेल्या आठवड्यात जेवण झाल्यावर ताटं उचलता उचलता मिस्टरांनी विचारलं. किती दिवसांपासून त्यांच्या मनात असेल कोण जाणे.

"सुनंदा, पुन्हा कधी असं झालं तं? मी काय करू?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"मले विचारा," मी म्हटलं. "मी बोलणार नाई, डोळे उघडणार नाई. तरी माह्याजवळ या, कानाशी बसा, आणि मले विचारा. मी ऐकून राहिली असन."

त्यांनी मान हलवली. मग मी ठेवलेलं ताट उचलत म्हणाले, "अन् माह्यं असं झालं तं?"

"तुमालेही विचारीन," मी म्हटलं.